तिसरं वाक्य

डॉ. विशाखा गवांदे यांनी ती बातमी दाताच्या दवाखान्यात, नंबर यायची वाट बघत असताना मोबाइलवर वाचली. तिरझानच्या सरकारने नवा नियम काढला होता. अठरा वर्षांवरच्या प्रत्येक नागरिकाने दर सोमवारी चौकातल्या काचेच्या बूथमध्ये जायचं, एका सरकारी क्रमांकावर फोन करायचा आणि तीन वाक्यं बोलायची. पहिल्या वाक्यात स्वतःचं नाव. दुसऱ्या वाक्यात, आज बाहेर हवा कशी आहे. तिसरं वाक्य सगळ्यांना एकच नेमून दिलेलं होतं: ‘राष्ट्राध्यक्ष जे करतात ते आमच्या भल्यासाठीच करतात.’

वेबसाइटने ही बातमी ‘जगावेगळं’ या सदरात टाकली होती. खाली लोकांनी हसण्याची चित्रं चिकटवली होती.

विशाखाने मात्र बातमी पुन्हा पहिल्यापासून वाचली. नाव, हवा आणि मग खरं विचारायचं ते. हा क्रम तिचा होता. तीन वर्षांपूर्वीच्या शोधनिबंधात तिने लिहिलं होतं, ‘आधी माणसाला त्याचं नाव आणि हवामान विचारावं. यात कुणी खोटं बोलत नाही. त्यामुळे त्या माणसाचा सरळ आवाज आपल्या हाती लागतो. मग त्याला मताचं वाक्य बोलायला सांगून दोन्ही आवाजांतला फरक मोजावा.’

“गवांदे मॅडम, या आत,” रिसेप्शनवरच्या मुलीने हाक मारली.

“मी नंतर येते,” असं म्हणून विशाखा उठली आणि दुखरी दाढ तशीच घेऊन रिक्षात बसली.

हुकूमशाह्या टिकतात कशा, हा विशाखाच्या आयुष्यभराच्या अभ्यासाचा विषय. लोक तिला विचारायचे, “त्यात काय शोधायचं? बंदुकीच्या जोरावर टिकतात.” ती म्हणायची, “चार लाख बंदुका तीन कोटी माणसांना कशा पुरतील?” तिला हा प्रश्न पहिल्यांदा पडला तो सांगलीच्या वसतिगृहात. तिथल्या रेक्टरबाई मुलींची पत्रं फोडून वाचायच्या, जेवणाच्या वेळी मोठ्याने वाचून दाखवायच्या. चार वर्षं एकाही मुलीने तक्रार केली नाही. बाईंची बदली झाली त्या दिवशी गच्चीवर गप्पा मारताना कळलं, की एकशेवीस मुलींपैकी प्रत्येकीला त्या नकोशा होत्या आणि प्रत्येकीला वाटत होतं, आपण एकटीच आहोत, बाकीच्यांना चालतंय.

पुढे पुण्यात विद्यापीठात शिकवायला लागल्यावर तिने हाच धागा धरला. राजवट टिकते ती लोकांच्या पाठिंब्यावर नाही आणि केवळ भीतीवरही नाही. ती टिकते प्रत्येकाला आपण एकटे आहोत असं वाटतं, यावर. सिद्धान्त छान होता, पण सिद्ध कसा करणार? जिथे लोक खरं बोलत नाहीत तिथे पाहणी करून काय उपयोग?

ते कोडं इब्राहिम मुजावरने सोडवलं. इब्राहिम मूळचा मिरजेचा, ध्वनिशास्त्रात डॉक्टरेट केलेला, विशाखापेक्षा पंधरा वर्षांनी लहान. माणूस मनात नसलेलं वाक्य बोलतो तेव्हा पहिल्या शब्दाआधी किंचित थबकतो, सेकंदाच्या विसाव्या भागाइतका, आणि गळ्याचे स्नायू आवळले गेल्यामुळे आवाजाची पट्टी कणभर चढते. कानाला हे कळत नाही. इब्राहिमने लिहिलेल्या प्रोग्रामला कळायचं. त्याचं नाव त्यांनी ‘स्वरांतर’ ठेवलं.

एकेका माणसाच्या बाबतीत स्वरांतर दहांतल्या तीन वेळा तरी चुकायचं. पण, विशाखा विद्यार्थ्यांना सांगायची, भाजीच्या तराजूत एका दाण्याचं वजन कळत नाही, पोत्याचं कळतं. हजारो माणसं एकत्र धरली की चुका एकमेकींना खाऊन टाकतात. त्यांनी तिरझानच्या सरकारी रेडिओवर फोन करून आधी नाव-गाव सांगणाऱ्या आणि मग राष्ट्राध्यक्षांना शुभेच्छा देणाऱ्या चाळीस हजार श्रोत्यांचे आवाज तपासले. उत्तर आलं: शंभरातल्या एकाहत्तर जणांना आपण बोलतोय ते पटत नाही.

हा निबंध एका मोठ्या परदेशी नियतकालिकाने स्वीकारला होता. सहा आठवड्यांनी तो छापून येणार होता. कुलगुरू स्वतः विभागात येऊन हात मिळवून गेले होते.

आणि स्वरांतर तीन वर्षांपूर्वी, पद्धतीच्या निबंधासोबत, जगातल्या कुणीही वापरावं म्हणून त्यांनी इंटरनेटवर मोकळं ठेवलं होतं.

विशाखा विभागात पोचली तेव्हा इब्राहिम बातमी वाचूनच बसला होता.

“पोतं नाही तोलत आहेत ते,” ती दारातूनच म्हणाली. “दाणे तोलतायत. एकेक.”

“आपण स्पष्ट लिहिलं होतं मॅडम, एकट्या माणसासाठी वापरू नये म्हणून. ठळक अक्षरात.”

“ठळक अक्षरात,” विशाखा म्हणाली आणि खुर्चीत बसली.

दिलाराचा फोन रविवारी आला. दिलारा तिरझानची. तेवीस वर्षांची असताना पुण्यात आली, विशाखाच्या हाताखाली पीएच.डी. केली, त्या चाळीस हजार फोनमधला शब्द न् शब्द तिनेच लिहून काढला. पाच वर्षांत मेसवाल्या मावशींकडून मराठी शिकली. फक्त शब्दांच्या लिंगांचा घोळ शेवटपर्यंत गेला नाही. आईचा दमा बळावला म्हणून दीड वर्षापूर्वी ती परत गेली आणि तिथल्या शाळेत गणित शिकवू लागली. सीमेजवळच्या बाजाराच्या गावी शेजारच्या देशाचं नेटवर्क लागायचं. रविवारी ती बसने तिथे जायची, बटाटे घ्यायची आणि विशाखाला फोन करायची.

“मॅडम, आमच्या शाळेचे शिपाई नेले,” ती म्हणाली. “युनूसकाका. ते तोतरे आहेत. जन्मापासून तोतरे. हवेबद्दल बोलताना अडकले नाहीत, तिसऱ्या वाक्यात अडकले. झालं.”

“कुठे नेलं?”

“समजुतीच्या वर्गाला. असंच म्हणतात. चाळीस दिवस.” मागे बाजाराचा गलका ऐकू येत होता. “तुम्ही माझा काळजी करू नका. मी पास होते.”

“कशी?”

दिलारा हसली. “मी तीनही वाक्यं बोलताना मनात भागाकार करते. सतराने. नाव सांगताना पण, हवा सांगताना पण. मग तीनही वाक्यांना सारखाच ताण येतो. फरकच निघत नाही. स्वरांतर मला माहीत आहे ना, मॅडम.”

विशाखाच्या मनात आलं, की या मुलीने आपल्या यंत्राचा पाडाव पाच मिनिटांत केला. तिला बरं वाटलं आणि लगेच भीतीही वाटली, कारण हे उद्या कुणी दिलाराच्या तोंडून ऐकलं तर?

“हे कुणाला सांगितलंस का?”

“कुणाला सांगू? कोण कसा आहे, मला काय माहीत?”

त्या आठवड्यात विशाखाला एक विचित्र सवय लागली. कुणी काही बोललं की ती वाक्याआधीची थबक ऐकायला लागली. कुलगुरू म्हणाले, “तुमचा अभिमान वाटतो,” आणि तिने त्यांचा श्वास मोजला. बहिणीने फोनवर “ये की राहायला” म्हटलं, तेव्हा उत्तर द्यायचं सोडून ती त्याआधीची थबक आठवू लागली. इब्राहिमला तिने तीनदा विचारलं, “तू रागावलायस का माझ्यावर?” तो तीनदा “नाही मॅडम” म्हणाला. तिन्ही वेळा तिला वाटलं, होय, रागावलाय.

पुढच्या रविवारी फोन वाजला तेव्हा दिलारा रडत होती.

“आईला नेलं.”

“काय?”

“माझ्या आईला, मॅडम! तिच्याइतकं त्यांना कोणी मानत नाही हो. घरात राष्ट्राध्यक्षांचा फोटो आहे, त्याला रोज सकाळी पुसते. मी त्यावरून भांडते तिच्याशी. बूथमध्ये जायच्या आधी तिने केस विंचरले, नवीन रुमाल बांधला. म्हणाली, ते ऐकत असतील. आणि तिचा आवाज थरथरला.”

“दमा आहे हे सांगितलंस?”

“सांगितलं. ते म्हणाले, यंत्र दमा धरून हिशेब करतो.” दिलाराने नाक ओढलं. “मी खोटं बोलते, मी घरी आहे. ती खरं बोलली. मॅडम, तो एकाहत्तरचा आकडा छापून येतोय ना? लवकर आणा. लोकांना कळू दे आपण एकटे नाही. तुम्हीच तर शिकवलं.”

सोमवारी विशाखाने हे सगळं इब्राहिमला सांगितलं. त्याने लगेच स्वरांतरचा प्रोग्राम उघडला.

“दमा यंत्र खरंच धरतं,” तो म्हणाला. “श्वासाचा भाग मी वेगळा काढलाय. तिचा आवाज दम्याने चढला नसणार.”

“मग कशाने?”

“तेच बघायला पाहिजे.”

त्याने दोन दिवसांत तीस माणसं जमवली. कँटीनवाला, ग्रंथालयातल्या बाई, दोन प्राध्यापक, काही विद्यार्थी, एक माळी. प्रत्येकाने नाव सांगायचं, हवा सांगायची आणि मग ज्याच्याबद्दल मनापासून आदर आहे अशा कुणाबद्दल एक वाक्य बोलायचं. खोटं बोलायचं कारणच नव्हतं. माळी त्याच्या गुरूंबद्दल बोलला. ग्रंथालयातल्या बाई त्यांना शिकवून मोठं करणाऱ्या थोरल्या बहिणीबद्दल बोलल्या. शेवटी इब्राहिम स्वतः माइकसमोर बसला.

“माझं नाव इब्राहिम मुजावर. आज बाहेर ऊन आहे. माझे अब्बा फार सच्चे माणूस होते.”

त्याचे वडील मिरजेला तंतुवाद्यं बनवायचे. ते जाऊन आठ महिने झाले होते.

पडद्यावर लाल पट्टी उमटली. ‘मत आणि विधान यांत विसंगती.’

इब्राहिम त्या पट्टीकडे बघतच राहिला. “मॅडम,” तो हळूच म्हणाला, “हे म्हणतंय, मी खोटं बोलतोय.”

तिसांपैकी एकोणीस जण खोटे ठरले होते.

गळा भीतीने आवळतो तसा तो गहिवरानेही आवळतो. माणूस खोटं बोलण्याआधी थबकतो, तसाच फार मोठ्या माणसाचं नाव घेण्याआधीही थबकतो. स्वरांतर तयार करताना त्यांनी शिकवण्यासाठी वापरलेले सगळे आवाज खोटं बोलणाऱ्यांचे आणि सहज बोलणाऱ्यांचे होते. मनापासून पूजणाऱ्यांचा आवाज त्यात एकही नव्हता. भक्ती आणि भीती यांतला फरक त्या यंत्राला कधी शिकवलाच गेला नव्हता, आणि शिकवता येईल अशी खूणही आवाजात सापडत नव्हती.

“म्हणजे एकाहत्तर...” विशाखा म्हणाली.

“एकाहत्तर असतील. तीस असतील. सांगता येणार नाही.” इब्राहिमने चष्मा काढून डोळे चोळले. “पोत्यातसुद्धा चूक एकाच बाजूला पडतेय. ती कटत नाही.”

बाहेर कुणीतरी स्कूटर सुरू करायचा प्रयत्न करत होतं.

“छापू द्या,” इब्राहिम एकदम म्हणाला.

“काय?”

“आकडा छापू द्या मॅडम. चूक आपल्याला नंतर सापडली असं म्हणू. चार महिन्यांनी दुरुस्ती देऊ. तोवर तो आकडा तिरझानमध्ये पोचेल. लोकांना वाटेल, आपण एकटे नाही. तुमच्या सिद्धान्ताप्रमाणे मग राजवट काही टिकत नाही. युनूसकाका सुटतील, दिलाराची आई सुटेल. एका चुकीच्या आकड्याने इतकं होत असेल तर होऊ दे.”

आकडा चुकीचा निघाला तरी छापावा का, हा विचार विशाखाने चाचणी सुरू झाल्यापासूनच केला होता. रात्रंदिवस तोच विचार चालू होता, म्हणून इब्राहिमच्या तोंडून ऐकताना तिला धक्का बसला नाही, लाज वाटली.

“आणि आकडा तीस असला तर?” तिने विचारलं. “आपल्या भरवशावर माणसं रस्त्यावर येतील. बाकीचे सत्तर दारं लावून घेतील. मग?”

इब्राहिमने चष्मा परत डोळ्यांवर चढवला.

“आणि आकडा छापला म्हणजे स्वरांतर खरं आहे असं आपणच जगाला सांगितलं. उद्या ते म्हणतील, पुण्याचे लोक यावर विश्वास ठेवतात, आम्ही का नको? दिलाराच्या आईला आपणच दुसऱ्यांदा खोटं ठरवू.”

निबंध मागे घेण्याचं पत्र तिने त्याच दुपारी लिहिलं. त्याला एक टिपण जोडलं: यंत्र कशात चुकतं, तीस माणसांची चाचणी, एकोणीस खोटे निष्कर्ष, आणि शेवटी, तीनही वाक्यं बोलताना मनात हिशेब करत राहिल्यास यंत्र पूर्ण निकामी होतं. दिलाराचं नाव कुठेही नव्हतं. भागाकार सतराचा नको म्हणून तिने तेराचा लिहिला. इब्राहिमनेही खाली सही केली.

रविवारी दिलाराला सांगणं सगळ्यात अवघड होतं.

“तो आकडा खरा नाही, दिलारा. तुझ्या आईमुळे आम्हाला कळलं. तिच्या आवाजात भीती नव्हती, प्रेम होतं. यंत्राला ते कळत नाही.”

पलीकडे बाजाराचा आवाज चालू राहिला.

“आता कळलं तुम्हाला?” दिलारा म्हणाली. “आईला नेल्यावर?”

फोन बंद झाला. त्यानंतर अकरा आठवडे तो वाजला नाही.

इकडे व्हायचं ते झालं. नियतकालिकाने निबंध काढून टाकला. परदेशातल्या जुन्या सहकाऱ्यांनी लिहिलं, गवांदेंनी तिरझानपुढे गुडघे टेकले. तिरझानच्या रेडिओने दिवसभर घोषणा केली, ‘शत्रूंचे आकडे खोटे असल्याची पुण्याच्या प्राध्यापिकेची कबुली.’ आणि कबुली काय आहे हे सांगण्याच्या नादात त्यांनी टिपणातला बराच भाग वाचून दाखवला, मनातल्या हिशेबासकट. संध्याकाळच्या बातम्यांत तो भाग गाळला होता, पण सकाळच्या बातम्या लोकांनी ऐकल्या होत्या. कुलगुरूंनी विशाखाचं संशोधन केंद्र ‘पुनर्रचनेसाठी’ बंद केलं. इब्राहिमची बदली भाषाविभागात झाली. विशाखा पहिल्या वर्षाच्या मुलांना राज्यशास्त्राची ओळख शिकवू लागली आणि दर रविवारी सकाळपासून फोन हातात धरून बसू लागली. दिलाराला नेलं असेल का? सतराचे तेरा केले तरी कुणी ओळखलं असेल का? हिशेबाचं लिहिलंच नसतं तर? तिचं वजन उतरलं. दाढ शेवटी काढावीच लागली.

बाराव्या रविवारी, दुपारी तीनच्या सुमाराला, फोन आला.

“मॅडम, मी.”

विशाखाने एका दमात विचारलं, “कुठे होतीस? बरी आहेस ना? आई?”

“आई आली घरी. एकेचाळीसाव्या दिवशी. बारीक झाली आहे. फोटो अजून पुसते.” दिलारा म्हणाली. “मी तुमच्यावर रागावला होता. अजून थोडा आहे. पण तुम्हाला सांगायलाच पाहिजे, काय झालं ते.”

ती भराभर सांगू लागली. त्या रेडिओच्या बातमीनंतरच्या सोमवारी ती चौकात रांगेत उभी होती. नकली आवाज कुणी वाजवू नये, खरा माणूस बोलतोय हे दिसावं, म्हणून बूथ काचेचे केलेले. पुढे पोस्टमन होता. आत तो बोलत होता आणि त्याचा अंगठा हिशेब करावा तसा बोटांच्या पेरांवरून सरकत होता. एक, दोन, तीन. त्याच्यानंतर बेकरीवाली. तिचाही अंगठा. मग दिलाराच्या शाळेच्या मुख्याध्यापिका, ज्यांच्यासमोर कुणी खोकतसुद्धा नसे. त्यांचाही.

“आणि मग तिथला पोलीस गेला आत, मॅडम. त्यालाही करायला लागतो फोन. त्याने मोकळा हात पाठीमागे घेतला. पण पाठ आमच्याकडेच होती. आम्ही सगळ्यांनी बघितलं. कुणी हसलं नाही. कुणी एकमेकांकडे बघितलंसुद्धा नाही. पण सगळ्यांना कळलं.”

जो आकडा विशाखाला पंचवीस वर्षांत काढता आला नव्हता, तो त्या रांगेने उभ्या उभ्या मोजला होता.

“तीन आठवडे असं चाललं,” दिलारा म्हणाली. “यंत्र म्हणत होतं, सगळे निष्ठावान. मग त्यांना शंका आली. हुकूम निघाला, फोन स्पीकरवर ठेवून दोन्ही हात काचेवर टेकवून बोलायचं. गेल्या सोमवारपासून.”

“मग?”

“पहिले एक म्हातारे होते. ट्राम चालवायचे पूर्वी. त्यांनी दोन्ही हात काचेवर ठेवले. नाव सांगितलं. हवा सांगितली. आणि गप्प झाले. आतून आवाज येत होता, ‘तिसरं वाक्य बोला, तिसरं वाक्य बोला.’ त्यांनी फोन बंद केला, बाहेर आले आणि घरी नाही गेले. बूथच्या शेजारी उभे राहिले. मग पोस्टमन. तो पण दोन वाक्यं बोलला आणि त्यांच्याजवळ जाऊन उभा राहिला. माझा नंबर आला तेव्हा दहा जण तिथे उभे होते.”

“आणि तू?”

“मीही नाही बोलले.”

“पोलिसांनी काही केलं?”

“अजून नाही. शहरात दुसऱ्या चौकांत पण असंच झालं म्हणतात. सैन्याच्या गाड्या आल्यात, नुसत्या उभ्या आहेत. उद्या परत सोमवार आहे. मला खूप भीती वाटतो, मॅडम.”

विशाखाला म्हणायचं होतं, जाऊ नकोस. तिला असंही म्हणायचं होतं, आता काही होणार नाही, हे आता पडेलच, माझा सिद्धान्त आहे. पण यातलं काहीच तिला खात्रीने माहीत नव्हतं.

“आई कुठे होती?” तिने विचारलं.

“माझ्या मागे, रांगेत.” दिलाराचा आवाज खाली आला. “ती आत गेली. हात काचेवर ठेवले. नाव सांगितलं, हवा सांगितली आणि तिसरं वाक्यही बोलली. पूर्ण. आवाज थरथरला, तरी बोलली. ती अजून मानते त्यांना, मॅडम. मग बाहेर आली, रुमाल नीट केला आणि आमच्यात येऊन उभी राहिली.”